मधली जागा

उद्या विशाखा कॉलेजसाठी पुण्याला जायची होती आणि आखातातल्या हमरिया भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत तिच्या बाबांनी, म्हणजे रमणने, दोन दिवस तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. शुक्रवारी दुपारची जेवणं उरकताच तिने लॅपटॉप टीपॉयवर ठेवला आणि आईबाबांना हाताला धरून उठवून ती दोघांच्या मधे उभी राहिली.

पडद्यावर जपानी मुली नाचत होत्या.

"ती मधली आहे ना, ती ग्रुप सोडून चाललीये. हे तिचं लास्ट गाणं. बघा, कशी नाचत नाचत एकेक पाऊल मागे जाते! आणि रडायचं नाही, असा रूल आहे. यल्ला बाबा, चला चला, उजवा पाय!"

"अगं, खालचे लोक वर येतील भांडायला," रमण पुटपुटला. तरी त्याने पाय उचलला, आणि तो नेमका बायकोच्या, जयवंतीच्या पायावर पडला.

"अहो, माझा पाय आहे तो!"

तिघंही खो खो हसत सुटली.

शेवटच्या कडव्याला विशाखा मागे सरकू लागली. एक पाऊल, दोन पावलं, थेट दारापर्यंत. आईबाबांच्या मधे सतरंजीचा रिकामा तुकडा उरला. रमणचं हसू मावळलं.

"आता मधे कोण येणार?" त्याने विचारलं.

"तुम्ही दोघं! अठरा वर्षं तिथे मीच उभी होते ना."

रमणने बिचकत बायकोकडे पाहिलं. जयवंतीने ओढणी कमरेला खोचली, त्याचा हात धरून त्याला मधे ओढलं आणि लेकीला म्हणाली, "बाई गं, एवढं सांगायला अठरा वर्षं लावलीस?"