गोत्राखालची ओळ

पाहुण्यांनी पत्रिका मागितलीच नाही. मुलाचा मामा म्हणून आलेल्या माणसाने पोह्यांची बशी बाजूला सारली, अवनीचा हात ओढला आणि कोपराच्या आतली शीर अंगठ्याने दाबून पाहिली.

"अहो, हे काय चाललंय?" तिचे वडील मुकुंदराव उठले. नवऱ्यामुलाने बॅगेतली सळई काढून त्यांच्या तोंडावर हाणली. दोन दात फरशीवर पडले.

साध्या तपासणीत अवनीचा रक्तगट नुसता 'ओ' निघायचा. डीएनए चाचणीत मात्र तो राज्यात अकराच जणांत सापडलेला दुर्मीळ गट निघाला. अशा रक्तासाठी माणसं पळवतात, हे बायकोने बजावूनही मुकुंदरावांनी तो कौतुकाने बायोडेटात, गोत्राखाली छापला होता.

अवनीने फळं कापायची सुरी नवऱ्यामुलाच्या दंडात खुपसली. त्याने सळई उगारली.

"डोकं फोडू नकोस!" मामा ओरडला. "तिचं रक्त सांडायचं नाही!"

मग नवऱ्यामुलाने केस धरून तिला गाडीपर्यंत फरफटत नेलं.

मामाने बायोडेटा पुन्हा उघडला. "सख्खी बहीण, कॉलेजात शिकते. तिचाही हाच गट असू शकतो. किती वाजता येते घरी?"

मुकुंदरावांनी रक्ताळल्या तोंडाने नकारार्थी मान हलवली.

मामाने पोह्यांची बशी परत पुढ्यात ओढली.