पट्टा क्रमांक २१४

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी यादी आली. गोदामातले वीस जण कमी करायचे होते. एकोणीस नावं आणि शेवटी नुसता एक आकडा: पट्टा क्रमांक २१४.

मॅनेजरबाईंनी यादी पडद्यावर उघडली. प्रत्येकापुढे दोन चौकोन, 'काढा' आणि 'ठेवा'. बाजूला कारणासाठी जागा. तळाशी छापील वाक्य: 'हा निर्णय यंत्राने नव्हे, माणसाने तपासून घेतला आहे.' त्याखाली बाईंची सही. मुदत दुपारी दोनची.

यादी यंत्र करायचं. खोकी भरणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर पट्टा असे. खोकं पुढे गेलं की पट्टा नोंद घेई. चार मिनिटं नोंद झाली नाही की माणूस रिकामा. रिकामा वेळ साठला की नाव यादीत.

यातली दोन नावं सोडायची, असा वरून तोंडी हुकूम होता. सगळीच काढली तर तपासलं नाही असं दिसतं. दोनापेक्षा जास्त सोडली तर यंत्र कशाला बसवलं, असं विचारतात. गेले पाच महिने बाई पहिलं आणि शेवटचं नाव सोडत आल्या होत्या. मधली त्या वाचत नसत. वाचली की हात जड होतो.

या वेळी पहिलं नाव समोरच्या खुर्चीत बसलं होतं. तेवीस वर्षं खोकी भरणारी, सगळ्या गोदामाची मावशी. बाईंनीच तिला वर बोलावलं होतं.

"आलं का माझं?" मावशीने विचारलं.

"आलंय. पहिलंच."

"चला, कुठेतरी पहिला नंबर आला म्हणायचा."

फोन वाजला. मुख्य कार्यालयातले साहेब होते. बाईंनी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"मॅडम, घोडं कुठे अडलंय? बाकीच्या गोदामांच्या सह्या आल्यासुद्धा."

"वाचतेय."

"वाचताय?" साहेब हसले. "ती पहिली म्हातारी आहे ना, तिला ठेवा. वय झालेली बाई ठेवली की बाहेरच्या गिऱ्हाइकांना बरं वाटतं. आणि शेवटचा तो बिननावाचा पट्टा यंत्राची चूक असणार. तो सोडा. झाले की दोन."

"म्हातारी ऐकतेय म्हणावं," मावशी म्हणाली.

पलीकडून साहेबांनी विचारलं, "कोण आहे तिथे?"

"तुम्ही जिला ठेवताय ती," बाई म्हणाल्या. "आणि शेवटचा पट्टा चूक नाही, साहेब. २१४ मी आहे."

गेल्या सोमवारी मावशी त्यांना म्हणाली होती, "सही करण्याआधी एकदा हा मनगटावर बांधून बघा, मॅडम. हात दाखवून अवलक्षण होईल, पण कळेल तरी." बाईंनी कपाटातला सुटा पट्टा काढला आणि तीन दिवस मावशीशेजारी उभं राहून खोकी भरली. पहिल्या दिवशी मावशीने विचारलं होतं, "खोकं बांधताय की तान्ह्याला न्हाऊ घालताय?" तिसऱ्या दिवशी तिने काही विचारलं नाही. हात बसला होता. तरीही रोज दुपारी बाई रिकाम्या ठरत होत्या. शौचालय गोदामाच्या दुसऱ्या टोकाला होतं. जाऊन यायला सहा मिनिटं. धावत गेलं तर पाच.

"पट्टा बांधणं तुमचं काम नाही," साहेब म्हणाले.

"तपासणं माझं काम आहे. खाली तसं छापलंय."

"छापलेलं मला वाचून दाखवू नका. दोन म्हणजे दोन. तिसरं नाव सोडलंत, तर पुढच्या यादीत तुम्हाला शोधायला पट्ट्याचा आकडा लागणार नाही."

फोन बंद झाला.

मावशी उठून उभी राहिली. "मला ठेवू नका. अठरा जणांच्या डोळ्यांत सलत मी कुठे खोकी भरत बसू?"

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. सवयीप्रमाणे सही केली असती, तर सुटणाऱ्या दोघी याच खोलीत होत्या.

"बसा, मावशी. दुसरं नाव वाचते. याची पाळी कधी असते ते सांगा."

त्यांनी सगळी नावं वाचली. मावशी सांगत गेली: कोण कुठल्या रांगेत, कुणाचं टेबल त्या टोकापासून सगळ्यात लांब, कोण दुपारी पाणी पीतच नाही. बाईंनी एकोणीस वेळा 'ठेवा'वर खूण केली आणि एकोणीस वेळा कारण नव्याने लिहिलं. विसाव्या ओळीत आकडा खोडून स्वतःचं नाव घातलं, 'काढा'वर खूण केली आणि लिहिलं: 'यंत्र बरोबर असेल, तर नियम हिलाही लागू.'

पडद्यावर प्रश्न आला: 'ठेवलेल्यांची संख्या ठरल्यापेक्षा जास्त आहे. पुढे जायचं?'

"हे विचारतंय तरी," मावशी म्हणाली.

बाईंनी 'होय' दाबलं आणि सही केली. एक वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

संध्याकाळी पाचपर्यंत मुख्य कार्यालयाकडून उत्तर आलं नव्हतं. पट्टा क्रमांक २१४ सव्वादोन वाजता पुन्हा सुरू झाला होता. पाच वाजता त्यावर एकशे बारा खोकी होती आणि सहा मिनिटांचा एक रिकामा वेळ.