आत मशीन चालू आहे

कोट संध्याकाळच्या आत शिवून झाला. पण ते राहू द्या. अजून काहीच झालेलं नाही असं धरून चालू.

शिंप्याचं बूड मशीनवर टेकत नव्हतं. आजही कोट झाला नाही, तर काम हातचं जाणार होतं. शेवटी त्याने 'एकाग्रता चालू आहे, आत येऊ नये' अशी पाटी शिवणाच्या खोलीच्या दारावर लावली, दार ओढून घेतलं आणि लगेच स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला.

मागे मशीन सुरू झालं.

"नळ कोणी सोडला?" बायकोने त्याच्यासमोरच नळ बंद केला आणि दाराकडे वळून विचारलं, "अहो, चहा आणू?"

"नको, आत्ताच लय लागलीय," आतून त्याचाच आवाज आला.

त्याने दार ढकललं. आतून कडी होती.

पाटीसमोर हात जोडून तो म्हणाला, "अर्जदार मूळचा आतलाच असून त्यास आत घ्यावे, ही नम्र विनंती."