वरचा थर

सहा अँपिअरपर्यंत व्होल्टमीटर शून्यावरून हलला नाही. सासूबाईंनी मीटरकडे पाहिले, मग जावयाकडे. जावयाकडे जरा अधिकच वेळ पाहिले.

मोजणी विभाग त्यांच्या हाताखाली होता आणि फिल्म जावयाने बनवलेली होती. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली की विजेला कणभरही विरोध न करणारा, दोन मायक्रॉन जाडीचा काळा थर. नेहमीच्या फिल्मच्या दुप्पट जाड, म्हणून प्रवाहही दुप्पट, असे जावयाचे म्हणणे. हिशेब सरळ होता, आणि त्यांना तेच खटकत होते. जाड थर असा वागत नाही. पहिला मायक्रॉन शिस्तीत बसतो. त्यावरचा वेडावाकडा वाढतो आणि प्रवाह वाहून नेण्याच्या नावाने बोंब.

"वरचा थर आयतोबा असतो, जावईबापू," त्या म्हणाल्या. "खालचा राबतो, वरचा बसून खातो. तुमचाच एवढा कष्टाळू कसा निघाला?"

"थांबत थांबत चढवलाय, मॅडम. दर वेळी पृष्ठभाग नीट करून मगच पुढचा." कामाच्या ठिकाणी तो त्यांना आई म्हणत नसे.

"की खालच्यातच काही भलतं मिसळलंय? एकटा खालचाच सहाला पुरत असेल, तर जाडीचं कौतुक फुकटचं."

जावई मीटरच्या तारा सोडवू लागला. ही टाळाटाळही त्यांनी त्याच्या नावावर मांडली. कुठेतरी पाणी मुरत होते. उद्या सकाळी परीक्षण समिती येणार होती. तिने ही फिल्म मोजून पाहिली आणि ती पटली, तर त्याची नोकरी कायम होणार होती. नाही पटली, तर मुलीचे आणि त्याचे बिऱ्हाड परगावी. त्याआधी अहवालावर सही सासूबाईंची. घरचा माणूस म्हणून त्यांची नजर सैल पडली नव्हती, उलट दुप्पट कडक झाली होती.

"वरचा अर्धा खरवडून काढू," त्या म्हणाल्या. "खालचा एकटा किती वाहून नेतो, ते कळेल."

"ही एकच जमलीय. बाकी सगळ्यांना भेगा गेल्या."

"कर नाही त्याला डर कशाला?"

जावयाने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिले आणि स्वतःच्या हाताने फिल्म यंत्रात ठेवली. आयनांचा झोत सुरू झाला आणि वरचा थर झिजू लागला. जावई इतक्या सहज कसा तयार झाला, असाही त्यांना संशय आला. झोत थांबेपर्यंत त्या यंत्राशेजारी उभ्या राहिल्या आणि त्याच्या बोटांवरची नजर काढली नाही.

फिल्म पुन्हा नायट्रोजनमध्ये बुडवली. त्या सावकाश प्रवाह चढवू लागल्या. तीन अँपिअरला व्होल्टमीटर उसळला; त्यापुढे फिल्म विरोध करू लागली.

त्यांनी तारा सोडवून पुन्हा जोडल्या. जाडी स्वतः मोजली, ती निम्मी होती. प्रवाह पुन्हा तीनच.

म्हणजे वरचा थर राबत होता. खालच्याच्या बरोबरीने.

टेबलाच्या कडेवरून पांढरी वाफ खाली उतरत होती. जावयाने चिमट्याने फिल्म उचलली, कोरडी केली आणि डबीत ठेवली.

"समितीपुढे काय ठेवाल?" त्यांनी विचारले.

"हीच. एक मायक्रॉन, तीन अँपिअर. अशी तर कुणाकडेही असते."

"मी लिहून देते. सहा अँपिअर वाहिले, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

जावयाने डबीचे झाकण दाबून बसवले.

"आई," तो म्हणाला, "सासूने जावयासाठी दिलेली साक्ष, तुम्ही समितीत असता तर मानली असतीत?"