आत्याचं अठ्ठावन्न

"बत्तीस!" आतोबांनी कॅल्क्युलेटर उंचावून निकाल जाहीर केला.

आत्या वजनकाट्यावर उभी होती. भिंगरीची बॅग तिने तान्ह्या बाळासारखी छातीशी कवटाळली होती. बॅगेसकट आत्या नव्वद. त्यातून नुसती आत्या वजा केली की उरते ती बॅग. नुसती आत्या किती, हे तिनेच ठणकावून सांगितलं होतं. अठ्ठावन्न.

"अठ्ठावन्नच ना?" आतोबांनी पुन्हा एकदा विचारलं.

"अठ्ठावन्नच! का, शंका आहे?"

शंका घ्यायची त्या घरात कोणाची टाप होती? कॅल्क्युलेटर मुकाट खाली आला.

विमान कंपनीची परवानगी तेवीसची. जादा किलोला ते लोक सोलून काढतात. म्हणजे नऊ किलो बाहेर, आणि बॅगेत नऊ किलोची वस्तू एकच. बाबांची हत्यारांची पेटी.

बाबा सुतार होते. ते गेल्यावर भिंगरी आत्याकडे वाढली, आणि पेटीही तिच्यामागोमाग आली. रंध्याच्या मुठीला बाबांच्या अंगठ्याचा खळगा पडला होता. आता त्यात भिंगरीचा अंगठा फिट्ट बसत होता. परदेशात ती निघाली होती तीच मुळी सुतारकाम शिकायला!

"हातातल्या सामानात नेते," ती म्हणाली.

"पटाशा घेऊन विमानात?" आतोबा दचकले. "अगं, ते तुला पायलटपासून दहा हात लांब बांधून ठेवतील. धारदार वस्तू खालच्या सामानातच."

आत्या काहीतरी बोलणार होती. तिने आतोबांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मग एकदम खेकसली, "काढ ती पेटी! बाकी मी बघते."

पेटी निघाली. पुन्हा आत्या, पुन्हा बॅग, पुन्हा वजाबाकी. तेवीस! भिंगरी न्हाणीघरात गेली, नळ धो धो सोडला आणि मनसोक्त रडली.

विमानतळावर आतोबा गाडी लावायला गेले. आत्या औषधांची पिशवी पोटाशी धरून चालत होती. भलतीच फुगली होती ती पिशवी, पण गाडीतसुद्धा तिने कोणाला हात लावू दिला नव्हता. काउंटरवर भिंगरीने बॅग काट्यावर ठेवली.

"चौदाच?" काउंटरवरची मुलगी म्हणाली. "अजून नऊ किलो चालेल की तुम्हाला."

भिंगरीच्या डोक्यात वजाबाकी झाली. मग ती सावकाश मागे वळली. आत्या छतावरचे दिवे मोजत होती.

"घरचा काटा बिघडला असेल," आत्या दिव्यांना म्हणाली.

"आत्या! बाबांची पेटी घरी राहिली गं! तुझ्या त्या अठ्ठावन्नपायी!"

सगळी रांग बघायला लागली. आत्याने दिवे सोडले. औषधांची पिशवी काउंटरवर ठेवली. ठण्णकन आवाज आला. आत पेटी होती.

"माझं वजन मला माहीत नसणार होय?" ती पुटपुटली. "घे लवकर. तुझे आतोबा यायच्या आत."

भिंगरीने तिला अशी मिठी मारली की दोघी ट्रॉलीवर आदळल्या. पेटी बॅगेत घालताना तिने झाकण उघडलं. हातोडीची जागा रिकामी होती. आत्याने जीभ चावली. लपूनछपून भरताना राहून गेली होती. बॅग काट्यावर गेली. साडेबावीस.

तेवढ्यात आतोबा धापा टाकत आले. त्यांनी काट्याकडे पाहिलं, कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि हातोडी काढून भिंगरीच्या हातात ठेवली.

तिने ती बॅगेत सरकवली. काटा तेवीसवर येऊन थांबला.

"आतोबा! म्हणजे तुम्हालाही माहीत हो—"

"हळू!" ते तिच्या कानाशी लागले. "लग्न ठरताना तिने अठ्ठावन्न सांगितलं होतं. तो शब्द मी आजवर मोडलेला नाही."