पहिला दिवस

“पूर्वी कधी स्कीइंग केलंय का?” यशोधनने सहलीच्या अर्जातला प्रश्न मोठ्याने वाचला. दोघांच्याही नावापुढे तो ‘नाही’ लिहिणार, तोच हेमांगी खुर्चीतून उठली. तिने खिडकी उघडली, पुन्हा लावली.

लग्नाला चारच महिने झाले होते. पन्नाशीत दोघांनी पुन्हा संसार मांडला होता. तिला औलीचा बर्फ दाखवायचं त्याने मनात धरलं होतं. त्याने स्वतः बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिला होता.

“माझ्यापुढे ‘हो’ लिहा,” ती म्हणाली. “सात हिवाळे केलंय. शिरीषबरोबर.”

वारलेल्या नवऱ्याचं नाव तिने या घरात प्रथमच उच्चारलं होतं. यशोधनचं पेन थांबलं. आता तो अर्ज फाडून टाकेल, असं तिला वाटलं.

“मग पहिल्या दिवशी तू एकटीच वरच्या उतारावर जा,” तो सावकाश म्हणाला. “मी खाली शिकाऊंच्या वर्गात पडत राहीन. मन भरलं की ये.”

हेमांगीचे डोळे भरून आले.

“वर जाईन, पण दुसऱ्या दिवशी,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी तुम्हाला नीट पडायला शिकवते.”