पवनघोड्याचं उड्डाण

निवृत्तीअण्णांनी बिस्किटांच्या डब्यातून फिल्मचा दोन हात लांब तुकडा काढला, तेव्हा टिपणीस खुर्चीवरून उठूनच उभे राहिले. 'पवनघोडा' या विसरल्या गेलेल्या बालपटाची एकमेव प्रत त्यांच्या कपाटात होती. तिच्यात लाकडी घोडा अंगणात दिसे आणि पुढच्याच क्षणी ढगांत. मधलं उड्डाण ते वीस वर्षं शोधत होते. ते मिळालं की संग्राहकांत त्यांच्या प्रतीला तोड नव्हती.

"तंबूत पहिला खेळ लावायच्या आधी मीच कापलं," एकेकाळचे फिरत्या तंबू-सिनेमाचे ऑपरेटर अण्णा म्हणाले. "घोड्याला बांधलेल्या तारा दिसत होत्या. पोरं हसली असती."

टिपणिसांनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. चार तारा अगदी स्पष्ट दिसल्या. सातव्या वर्षी त्याच तंबूत हा सिनेमा पाहून घरी गेल्यावर त्यांनी आठवडाभर गोठ्यात बसून म्हशीला पंख फुटायची वाट पाहिली होती.

"न्या, जोडा," अण्णा म्हणाले. "सिनेमा पुरा होईल. आता कोण मानतंय घोडा उडतो म्हणून?"

सदुसष्ट वर्षांच्या टिपणिसांनी पट्टी हळूच गुंडाळली, डब्यात परत ठेवली आणि झाकण दाबून बसवलं.

"मी मानतो," ते म्हणाले.